ओलीसाठी योग्य शब्द

६ फेब्रुवारी
हिच्या शिवणाच्या खोलीत भिंतीला ओल आली आहे. वरच्या बाईंच्या बाथरूमचं पाणी. ही म्हणाली, वर जाऊन सांगून या. म्हटलं, तोंडी सांगितलेलं कोण लक्षात ठेवतं? लेखी देतो. बाई माझ्या शाळेतल्या मुख्याध्यापिका, दोघंही आता रिटायर्ड. भाषा चोख हवी. उद्या चिठ्ठी जाणार म्हणजे जाणार.

७ फेब्रुवारी, सकाळी
'ओल पसरली आहे.' खोडलं. फारच बाळबोध. 'झिरपली' बिचारी वाटते. 'फैलावली' म्हणजे साथच, बाईंना आरोप वाटेल.

९ फेब्रुवारी
'व्यापली' सुचला. भारदस्त. पण ओल अजून अर्ध्याच भिंतीवर. खोटं कसं लिहू? ही विचारते, गेलात का वर? डोकं फिरतं. शब्द म्हणजे काय, बटण आहे का, डबा उघडला की सापडायला?

१२ फेब्रुवारी
भिंत पूर्ण भरली. आता 'व्यापली' चालेल. चिठ्ठी फेअर करून जिना अर्धा चढलो. बाई फोनवर कुणाला तरी झापत होत्या. अशा वेळी जाणं असभ्यपणाचं. परत आलो.

१३ फेब्रुवारी
ओल छतावर गेली. भिंतीपुरता 'व्यापली' बाद. या ओलीला जरा म्हणून दम नाही.

१५ फेब्रुवारी
गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या पडद्यांवर काळे ठिपके पडले. ते गिऱ्हाईक यापुढे दुसरीकडे शिवून घेणार. ही जेवली नाही. मला फार वाईट वाटलं. म्हणूनच शब्द कडक हवा. 'थैमान'? उद्या नक्की.

१६ फेब्रुवारी
सकाळी ही वर गेली. अहो, खाली पाणी येतंय, एवढंच म्हणाली म्हणे. बाई तशाच खाली आल्या. छत पाहिलं, प्लंबरला फोन लावला, हिची माफी मागितली, पडद्यांचं कापड मी आणून देते म्हणाल्या. मग मला विचारलं, सर, आधी का नाही सांगितलंत? म्हटलं, मसुदा चालू आहे. रागावल्या नाहीत.

संध्याकाळी हिने मशीन माझ्या खोलीत आणलं. माझं टेबल ओल्या खोलीत, भिंत वाळेपर्यंत. दोरा ओवता ओवता म्हणाली, बाईंना घाबरता ते मला ठाऊक होतं, पण माझ्यासाठी एकदा जिना चढला असतात तर बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, घाबरतो कोण? पण मशीन सुरू झालं होतं.