विहिरीकडचा वाटा

नाना, तुमचा धाकटा आता सातव्या मजल्यावर राहतो. ज्या तुकड्याला तुम्ही खडक म्हणायचात, त्यावर त्याने बिल्डरकडून अकरा मजले उभे करून घेतले आणि इमारतीला तुमचं नाव दिलं. गेटवर सोनेरी अक्षरं आहेत, माझ्या बांधावरून वाचता येतात. मेथीच्या जुड्या बांधताना मी ती रोज वाचतो. शेवटची दोन वर्षं तुमच्या पाठीला तेल लावलं मी, आणि नाव गेलं त्याच्या भिंतीवर. दुपार कलली की त्या इमारतीची सावली मळ्यावर येते. मेथी पिवळी पडते. तुमची सून म्हणते, "मेथीचं राहू द्या, तुम्हीच पिवळे पडत चाललात."

तो तुमचा लाडका नव्हता, हे मला माहीत आहे. पण मळ्याला हात हवेत म्हणून तुम्ही मला चौथीतून काढलं आणि तो मॅट्रिक झाला. देवळाली कॅम्पात दुकानात नोकरीला लागला. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, आई त्याला ताटात दोनदा तूप वाढायची. मी चिखलाचे पाय घेऊन ओट्यावर बसलेला. ते तूप मला अजून दिसतं, नाना. सत्तरी उलटली तरी दिसतं.

वाटणीचा दिवस आठवा. उंबराखाली तुम्ही घोंगडी टाकून बसला आहात. आपली रीत अशी की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही. मी दोरी उभी धरली असती तर दोघांनाही थोडी काळी माती, थोडा मुरूम आला असता. मी आडवी धरली. खाली नदीकडे विहीर आणि सगळी काळी माती, वर गाडीवाटेला नुसता मुरूम. तुम्ही विचारलंत, "असे का रे पाडले?" मी म्हणालो, "उचलणार तो आहे ना." आणि त्याने मुरूम उचलला. तुम्ही चारचौघांत त्याला बोललात, "खडक उचलला गाढवानं! तिथं कुसळ तरी उगवंल का?" तो मान खाली घालून हसत राहिला. तुम्ही मरेपर्यंत त्याला खुळा समजत होता.

आता ती गाडीवाट साठ फुटी डीपी रोड झाली आहे. सिंहस्थ जवळ आला म्हणून आणखी रुंद करणार म्हणतात. दोन्ही बाजूंचे मळे गेले, तिथे टॉवर आले. मुंबईची माणसं शनिवार-रविवारपुरता फ्लॅट घेतात आणि गच्चीवर टोमॅटो लावून त्याचे फोटो काढतात. मला वाटलं, आता आपलीही पाळी. गेल्या महिन्यात एका बिल्डरचा माणूस मळा बघायला आला. धाकटाही खाली उतरून आला होता, नवे दात लावून. त्या माणसाने मोबाईलवर नकाशा उघडला.

"काका, तुमचं सगळं निळ्या रेषेत येतं. पूररेषा. इथं बांधकामाला परवानगी नाही."

"अहो, विहिरीपर्यंत पाणी कधी आलंच नाही! माझा जन्म इथे गेला."

धाकटा मोठ्याने हसला. "भाऊ, जागा द्यायची म्हणून आता खोटं बोलतो व्हय? तूच तर मला सांगितलं होतं. वाटणीच्या आदल्या रविवारी, इथंच जुड्या बांधताना."

सांगितलं होतं, नाना. तो चार पावसाळे कॅम्पात होता, रविवारी जेवून लगेच परतायचा, त्या वर्षांतली पुराची नदी त्याने पाहिली नव्हती. मी म्हणालो होतो, आताशा दरसाल पाणी विहिरीच्या काठाला लागतं, उभं पीक वाहून जातं. एक थेंब आला नव्हता. वाटे पाडायच्या आधीच त्याने उचलायचा वाटा मी ठरवून टाकला होता.

तो माणूस गेल्यावर धाकट्याने माझ्या हातात किल्ली ठेवली. "तिसऱ्यावरचा फ्लॅट तुझा. ना म्हणू नको. तू तेव्हा खरं सांगितलं नसतं ना भाऊ, तर मी विहिरीकडचाच वाटा उचलला असता." त्याचे डोळे भरले होते. माझे कोरडे. मी म्हणालो, लाइट गेली तर लिफ्टमध्ये अडकायला होईल, बघतो, विचार करतो.

तेव्हापासून झोप नाही की जेवण गोड लागत नाही. हे तुम्हाला लिहितो कारण तुमच्यापर्यंत पोचणार नाही. ज्याच्यापर्यंत पोचेल तो दोनशे पावलांवर राहतो. काल इथपर्यंतचा कागद खिशात घालून निघालोच होतो, त्याच्यापुढे बसून वाचून दाखवायचा म्हणून. लिफ्टमध्ये सातचं बटण दाबायचं होतं. तीनचं दाबलं. कुलूप उघडून आत गेलो, रंगाचा वास होता. बाल्कनीतून आपली विहीर दिसते, उंबरही दिसतो. आणि नाना, खरं सांगतो, मनात पहिलं आलं ते हेच, की सातव्यावरून त्याला नदीसुद्धा दिसत असेल.