बाईच्या हातची मूठ

तुळजापूर, शनिवार, नोव्हेंबर १९५८. सायंकाळ.

सुमती वामन कुलकर्णी, तुझ्या महिला मंडळाचा मला आज मनस्वी संताप आला आहे, आणि तो सांगण्यास तुझ्याखेरीज कोणी नाही.

शिक्षकाच्या पगारात दान बसविण्याची तुझी रीत साधी होती. स्वयंपाकाआधी मूठभर ज्वारी मडक्यात, आणि मडके भरले की वसतिगृहातील मुलांसाठी मंडळाच्या कोठीत. तू गेल्यावर ती रीत मी मोडली नाही. स्वयंपाक मी करतो, मूठही मीच काढतो.

आज मडके घेऊन, तुझ्याकडील कोठीच्या किल्ल्या परत करण्यास गेलो. अध्यक्षा वकिलीणबाई दारातच म्हणाल्या, "सर, मूठ बाईच्या हातची असती. तुमी वर्साला एखादं पोतं द्या की. भिंतीवर नाव बी लावू."

"पोते मला परवडत नाही. मूठ परवडते."

"मग आणा की बाईमाणूस घरात," मागून कोणीतरी म्हणाले, आणि सगळ्या हसल्या. तुला जाऊन दोन महिने नाहीत. हसल्या.

वर्षातून एकदा पोते देणाऱ्यास दुसऱ्याची भूक एकदाच आठवते, मूठ काढणाऱ्यास रोज. हे त्यांना मी शिकवायचे? आणि माझी मूठ तुझ्याहून मोठी. त्यात मुलांचे काय बिघडले?

तुझ्याच किल्लीने कोठी उघडली. आत जाऊन मडके कणगीत रिकामे केले. तळाशी तुझ्या मुठी होत्या, वर माझ्या. आता बसा म्हणावे निवडत.

दाराला कुलूप लावले. किल्ल्या वकिलीणबाईंच्या हाती दिल्या.