जाणत्या माणसाचा भाव

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टेंडर रद्द झालं. दवाखान्याच्या खाटांचं, ज्याच्या भरवशावर मी वर्कशॉप कसंबसं रेटत होतो, तेच. तिघांत माझाच भाव सगळ्यांत कमी, तरी साहेब म्हणतात वाजवी नाही! बाजारात खाट निम्म्यात मिळते म्हणे. कुठल्या बाजारात, विचारलं, तर कारकून म्हणाला की एका जुन्या, जाणत्या कारखानदाराला फोन करून खात्री केलीय. निम्म्यात नुसता पाइपसुद्धा येत नाही गं! कोण हा टिकोजीराव, एकदा भेटू दे मला.

पुढच्या आठवड्यात अपिलाची सुनावणी आहे. हरलो तर थोरला वेल्डर दुसरीकडे जाणार, तसं त्याने तोंडावर सांगितलंय. त्याच्याशिवाय वर्कशॉप म्हणजे नुसती शेड. तू सारा जन्म हिशेबखात्यात काढलास, काहीतरी सुचव. बाबा मजेत.

लोभ असू दे, सोबत शिव्या आल्या तरी चालतील.

तुझा,
धाकटा

८ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझा टिकोजीराव रोज तुझ्यासमोर जेवायला बसतो. सरकारने आपला सल्ला घेतला, हे बाबांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं. वर्कशॉपचा जुना नंबर अजून घरातच वाजतो, आणि गिऱ्हाईक तुटू नये म्हणून ते आपल्या काळातला भाव सांगून मोकळे होतात. काखेत कळसा! नंबर बदल म्हणून मी किती वेळा कानीकपाळी ओरडले.

सुनावणीत एवढंच सांग, की ते गृहस्थ आता धंद्यात नाहीत, त्यांना आजचे दर ठाऊक नाहीत. टेंडर परत मिळेल. उगाच हळवा होऊ नकोस.

आशीर्वाद आहेतच, अक्कलही वापर.

ताई

१५ जून

ती. ताईस,
सा. न.

त्या कारकुनाने सुनावणीला बाबांनाच बोलावलं! इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्याआधी तयार. साहेबांनी उठून खुर्ची दिली. बाबांनी पाइपाचा, रंगाचा, मजुरीचा भाव असा ठासून सांगितला की क्षणभर मलाही खरा वाटला. वर म्हणाले, हा माझाच मुलगा, काम ह्यालाच द्या, एवढ्यात सहज करील.

मग साहेबांनी मला विचारलं, काही हरकत? तुझं वाक्य पाठ होतं गं. पण बाबा इतक्या कौतुकाने बघत होते की मी हरकत नाही म्हटलं. अपील फेटाळल्याचा कागद कारकुनाने माझ्याच हातात दिला, बाबांना कळलंच नाही. स्वतःचाच असा संताप येतो की काय सांगू! वेल्डर काल हत्यारं घेऊन गेला.

परतताना बाबांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, काम कधी सुरू करायचं, मीही येतो हाताखाली. मी सोमवारी म्हटलं. सोमवार उद्या आहे. आज सकाळीच त्यांनी जुना एप्रन धुवून वाळत घातलाय.

लोभ वाढवू नकोस, ये.

धाकटा