भिंतीपलीकडचा गोबरगॅस

गुरुजी, तुमच्या लाडक्याच्या घरी आता धुराशिवाय चहा होतो. तोच, जो शब्दरूपं अर्धवट टाकून औतामागं गेला, आणि तरी ज्याच्या थट्टेला तुम्ही पोट धरून हसायचात. मी सगळी रूपं न चुकता म्हणायचो तेव्हा तुम्ही नुसतं "हं" म्हणायचात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, जऊळक्याहून रोज वाशीमला जाऊन मीच आता पोरांना संस्कृत शिकवतो, पण ते "हं" काही पचलेलं नाही. षड्रिपूंमध्ये मत्सर शेवटी यायचा आणि नेमकी तुमच्या संध्येची वेळ व्हायची. बाकीचे पाच समजले, हा एक कच्चा राहिला.

तर त्याच्या अंगणात, आमच्या भिंतीला लागूनच, गोबरगॅस झाला आहे. विहिरीसारखा खड्डा आणि त्यावर पालथी घातलेली लोखंडी टाकी. शेण पाण्यात कालवून ओततात, गॅस साठला की टाकी हळूहळू वर येते, आणि नळीतून चुलीपाशी निळी आच. खर्च म्हणाल तर चांगल्या बैलजोडीइतका. पण त्यातला काही भाग सरकार सोडतं, बराचसा बँक हप्त्यानं देते, उरलेला आपण घालायचा. हे कळल्यावर मीही धुतलेलं धोतर नेसून पंचायत समितीत गेलो होतो. साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि जनावरं किती, एवढंच विचारलं. एक म्हैस, मी म्हणालो. "मास्तर, एका म्हशीवर तुमचा चहाबी नाही होनार." सरकारची सूट विद्वत्तेला नसते, शेणाला असते, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. शेजाऱ्याकडं चार जनावरं आहेत. चारही चांगली खातात, मी पाहतो.

त्यानंतर आमची ही रोज काही ना काही निमित्तानं तिकडं जायला लागली. येताना आचेचं वर्णन घेऊन येते. भांड्यांची बुडं काळी होत नाहीत म्हणे. वाशीमच्या डॉक्टरांनी तिला धुरापासून लांब राहायला सांगितलं आहे, डोळे सारखे गळतात. पण गोवऱ्यांच्या चुलीपासून लांब बसून भाकरी कशी भाजायची, ते त्यांनी सांगितलं नाही. मी ते वर्णन ऐकतो आणि वर्तमानपत्र उलगडतो.

एका रविवारी तो आपणहून आला आणि ओट्यावर बसला. म्हणाला, "तुह्या म्हशीचं शेण माह्या खड्ड्यात टाक, एक नळी तुह्या घरात देतो. वैनीचे डोये पाह्यले का तू?" मी पाहिले होते. म्हणून तर राग आला. मी म्हणालो, शास्त्रात गोमय पवित्र आहे, म्हशीच्या शेणाबद्दल शास्त्र गप्प आहे; देवाचा नैवेद्य असल्या आचेवर कसा करावा?

तो जरा विचारात पडल्यासारखा दिसला. मग म्हणाला, "मंग देवाले दूध कोनाचं दाखवून राह्यला तू इतके दिवस?"

आतून हिचं हसू ऐकू आलं. तुम्हीही हसला असतात, त्याचंच जास्त लागलं. मी "पाहू" म्हणालो. तो गेल्यावर ही डोळ्यांना पदर लावत दारात आली. "तुमच्या रुसव्यावर भात शिजला असता, तर मले तो गॅस कायले पाह्यजे होता?" भांडणाचा सूर नव्हता. पदर मात्र तिनं बराच वेळ काढला नाही.

आता नळी आली आहे. भिंतीला भोक मी पाडू दिलं, एवढंच माझं कर्तृत्व. कॉक त्याच्या बाजूला आहे. सकाळी तो उघडतो तेव्हा आमचा चहा. हिचे डोळे निवळू लागलेत, आणि ती जेवताना त्याचे गुण गाते.

हे पत्र टाकायचं कुठं, हा प्रश्नच नाही. पत्ता असता तरी टाकलं नसतं. तुम्ही त्याचीच बाजू घेतली असती. आज शेणाची पाटी मीच नेऊन ओतली. येताना त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी जरा थांबलो, त्याची आच आमच्याहून मोठी आहे का, ते पाहायला. सारखीच आहे, गुरुजी. आणि मला थोडं वाईट वाटलं.