सातवे कलम

विश्रामबाग, सांगली

प्रिय भाग्यश्री,

चार वर्षांनी आलेला तुझा निरोप मी दोनदा वाचला. बिरदेवला कुपवाडच्या कारखान्यात नोकरी लागली, महिनाअखेर खंडाळा सोडायचे, सासूबाई सुलाबाईंच्या गुडघ्यांमुळे घर तळमजल्यावरच हवे, भाडे आठ हजारांच्या आत. विनंती नेमकी होती. ‘माहितीत असेल तरच कळवा’ हे शेवटचे वाक्य मात्र एखाद्या अनोळखी माणसाला लिहावे तसे होते. त्याला कारण आहे, हे मला मान्य आहे.

मी नऊ घरे पाहिली. वारणालीतील जागा स्वस्त, पण मोरी तीन बिऱ्हाडांत मिळून एक. वानलेसवाडीत हवेशीर खोल्या, पण अठरा पायऱ्या चढून. कुपवाड रस्त्यावर बाळासोंचे घर मात्र सर्व अटींत बसत होते. बाळासो माझे जुने पक्षकार. त्यांनी चहा दिला आणि विचारले, “वकीलसाहेब, ऱ्हाणार कोण? खाणंपिणं कसं हाय त्यांचं?” मी खरे ते सांगितले. ते हसले. “आवं, माझं काय न्हाई वो. पण करारात सातवं कलम हाय की. तुमीच घातलंय!”

त्यांनी करार पुढे ठेवला. ‘भाडेकरू कुटुंब संपूर्ण शाकाहारी असेल, व तसे नसल्याचे आढळल्यास जागा रिकामी करून देईल.’ तीस वर्षांपूर्वी आपल्या समाजातील एका घरमालकासाठी मी केलेला मसुदा. टंकलेखकांनी तो एकमेकांकडून उतरवून घेतला. नावे बदलली, भाडे वाढले, माझा स्वल्पविराम मात्र जागचा हलला नाही. नऊपैकी सहा घरांत मला माझेच वाक्य भेटले.

बाळासो पुढे म्हणाले, “चोरून मटण शिजवणारे लय ऱ्हाऊन गेले माझ्याकडं. विचारलं की न्हाई म्हणायचे, सही करायचे. तुमची माणसं खरं बोलणार, तीच अडचण!”

जे कलम खोटे बोलणाऱ्याला आत घेते आणि खरे बोलणाऱ्याला दारात अडवते, ते कोणाचे रक्षण करते? चार वर्षांपूर्वी माझ्या ऑफिसात मी बिरदेवची उलटतपासणी घेतली, तेव्हा तो म्हणाला होता, “जत्रेला आमच्यात बकरं पडतं. तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू?” त्या एका उत्तरावर मी निकाल दिला: तुमच्या लग्नाला नकार, आणि या घराचे दार बंद. साक्षीदार सच्चा होता, ही बाब मी विचारातच घेतली नाही.

निघताना बाळासोंनी विचारले, “पण हायत कोण हे तुमचे?” मी म्हणालो, “मुलगी आणि जावई.” त्यांनी करार मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, “आणि तुमी कुपवाडात घर हुडकताय व्हय? तुमचं खालचं ऑफिस काय देव ठेवायला बांधलंय?”

म्हणून हे पत्र. फोनवर मला मुद्दे मांडता येत नाहीत. ऑफिसच्या दोन खोल्या मी रिकाम्या केल्या आहेत. दार स्वतंत्र आहे, पायरी एकच, तिला कठडा बसवून घेतला. कायद्याची पुस्तके वर नेली. खाली येऊन पाहतो तर खिडक्यांना पडदे लागलेले. तुझ्या आईने माझ्या निर्णयाची वाट पाहिली नव्हती. आमच्या स्वयंपाकघराची रीत आमच्यापाशी राहील, तुमच्या चुलीची तुमच्यापाशी. फुकट राहणे तुम्हाला रुचणार नाही, म्हणून भाडे लिहिले आहे, तुझ्या मर्यादेतले.

करार सोबत जोडला आहे. सातव्या कलमाची जागा कोरी ठेवली आहे. तेथे बिरदेवरावांनी त्यांची अट लिहावी. या घरात पुन्हा पाऊल ठेवण्यासाठी त्यांना जी योग्य वाटेल ती. कोरी जागा सोडून कधीही सही करू नये, असे मी जन्मभर पक्षकारांना बजावत आलो. खाली माझी सही आहे.

तुमची वाट पाहणारा,
तुझाच,
अण्णा