बूट आपटायचं गाणं

१६ मार्च २००३
दुबईच्या आमच्या बारमध्ये तालमीला गेले तर मॅनेजर टोनीचं फर्मान. माझी लाडकी दोन गाणी बंद. त्यांच्या अमेरिकन गायिका इराकवरच्या युद्धाविरुद्ध बोलल्या, म्हणून. ‘हबीबी, आपले कस्टमर तिकडचेच. नो पॉलिटिक्स.’ आणि लगेच हातात नवं गाणं ठेवलं: झेंडा, बॉम्ब, देव. हे पॉलिटिक्स नाही म्हणे.
सासूबाईंना फोनवर ‘कंट्री गाते’, अमेरिकन गावरान गाणी, म्हटलं की देशी दारू आठवते. वासापुरतं बरोबरच आहे त्यांचं.

१९ मार्च
साउंड आणि ट्रॅक सांभाळणारा सलाम बगदादचा. आई, बहीण तिथेच. त्याच्यासमोर हे बसवायचं! टोनीला म्हटलं, दुसरं दे. ‘सिंगर्स बहुत हैं, मॅडम. यल्ला, चलो.’
प्रकाशचं नवरेपण: ‘नोकरी आहे ती, सभा नाही. मनखूलचा हा फ्लॅट दोघांच्या पगारावर चाललाय.’ मुक्ता पुस्तकातून मान वर न काढता, ‘आई, इट्स जस्ट अ साँग.’
जस्ट.

२१ मार्च
काल युद्ध सुरू. आज बार तुडुंब. टीव्हीवर बगदाद, आवाज बंद. आवाज माझा. पहिलं कडवं कसंबसं गायले. सगळे तालावर बूट आपटत होते, स्टेज हादरत होतं. दुसरं मला गाता येईना. कुणाचं काही अडलं नाही, त्यांनीच म्हटलं, माझ्याहून जोरात. एक लालबुंद टेक्सासवाला वर येऊन स्वतःची हॅट माझ्या डोक्यावर ठेवून गेला. आतून घामाने ओली. घरी येऊन दोनदा केस धुतले. शी.
सलामने आवाज कुठेही पडू दिला नाही. नंतर मी त्याला विचारलं, घरी फोन लागला?
‘लाइन नहीं है.’

२२ मार्च
सलामला सांगितलं, मी ते परत गाणार नाही. वाटलं, बरं वाटेल त्याला. भडकलाच.
‘मत गाओ! टोनी बोलेगा इराकी ने सिखाया. मेरा वीज़ा खलास. फिर किधर जाऊँ? बगदाद?’
टोनीकडे गेलेच नाही. आजही गायले. टाळ्यांची किळस येते, आणि त्या पडल्या की कमरेत वाकून थँक्यू म्हणते त्याची जास्त.

१० एप्रिल
काल बगदाद पडलं. आज मोठी पार्टी, सुरुवात त्याच गाण्याने. टोनी सकाळपासून खुशीत.
सलामच्या आईचा अजून पत्ता नाही. तरी आलाय. बाहेर माइक तपासतोय, वन टू, वन टू. मी मेकअपच्या खोलीत हे लिहितेय. आत्ता दारात येऊन उभा राहिला, माझ्याकडे न बघता:
‘मॅडम, वो गाना कौनसा स्केल में?’
अजून उभा आहे.