पुण्यातलं एक तरी नाव

भूम, १४ मे १९८७

आज कारखान्यातल्या नोकरीला नाही म्हणून आले. साखर कारखान्यात कॉम्प्युटर येणार आहे, तो चालवायला चेअरमन मला बोलावत होते. आई गेल्यापासून अण्णा एकटे. मी इथंच राहीन, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

संध्याकाळी टँकरचं पाणी भरून झाल्यावर त्यांना माझं पुण्यातलं काम समजावलं. ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरींत खरखर मिसळलेली असते, ती वेगळी काढायचे प्रोग्राम मी लिहिते. अण्णांची सारी नोकरी एस.टी.त कंडक्टर म्हणून माणसांत गेली. त्यांनी एवढंच विचारलं, "तिथं तुझ्यासंगं बोलतं कोण?"

"लई जण हायेत, अण्णा."

"मग एकाचं नाव सांग."

मला नाव सुचेना. शास्त्रज्ञ येतात, छापील कागद घेऊन जातात. जेवते मी एकटीच. निदान खोटं नाव तरी सांगायचं! मग नोकरी नाकारून चुकलंच का माझं? पण खरखर गेल्यावर कागदावर ताऱ्याचा ठोका उमटतो, तो मी सगळ्यांच्या आधी बघते. ते सोडवत नाही. आणि एक नाव सांगता येत नाही.

अण्णांनी उठून पाण्याच्या हंड्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाले, "कारखाना ऱ्हाऊ दे. म्याच येतो चार दिवस. तुझं मशीन बघतो."

मशीनच्या खोलीत एसी असतो, फार गारठा, एवढंच मी बोलले. या उकाड्यात ते आता पेटीत स्वेटर शोधतायत. मी त्यांच्याकडे पाठ करून लिहितेय, त्यांना माझं तोंड दिसू नये म्हणून.